नारळाला पंच कशाला?

नारळी पौर्णिमेला मी रजा टाकून मालवणला गेलो. अर्जात ‘कौटुंबिक कारण’ असे लिहिले होते. ‘नारळ लढवणे’ हे कारण आमच्या साहेबांना पटले नसते. साहेब घाटावरचे. नारळ फोडायचा तो देवापुढे किंवा नव्या गाडीच्या चाकाखाली, एवढेच त्यांना ठाऊक!

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी नियम सांगतो. एकाने नारळ मुठीत घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपला नारळ त्यावर मारायचा. ज्याचा फुटला तो हरला आणि फुटलेला नारळ जिंकणाऱ्याचा. नियमावली संपली. पासबुकाच्या समासात मावेल. नारळ मात्र पारखून घ्यावा लागतो. बाजारात लोक तो कानाशी धरून बोटाने असा ठोकतात, की वाटावे डॉक्टर छाती तपासताहेत.

तर संध्याकाळी बंदर जेटीवर गेलो. समोर पाण्यात सिंधुदुर्ग, १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर बांधायला घेतलेला. लोक दर्याला नारळ देत होते. (त्याची पावती कोणी मागत नाही, हे आम्हा बँकवाल्यांना फार लागते.) आणि अलीकडे पाहतो तो मांडव! ध्वनिक्षेपक, प्रवेशपत्रिका, छातीवर नंबर, प्रमुख पाहुणे आणि गळ्यात शिट्टी अडकवलेले दोन पंच.

शिट्टी? नारळाला?

पहिल्याच सामन्यात तंटा. दोन्ही नारळांना चीर. आधी कोणाचा फुटला? एका पंचाने नारळ कानाशी धरला, दुसऱ्याने उन्हाकडे धरला. मग कोणीतरी मोबाईलवरचे चित्रण हळू करून दाखवले. तेवढ्यात एकाच्या नारळात सिमेंट भरल्याचा संशय निघाला. पाऊण तास गेला. तेवढ्या वेळात मांडवामागे दोन म्हाताऱ्यांनी सात नारळ निकालात काढले, आणि त्यात वाद म्हणावा असा एकही शब्द झाला नाही.

माझ्याबरोबर पुण्याचा भाचा होता. तो अल्टिमेट फ्रिस्बी खेळतो. त्याच दिवशी सकाळी चिवला किनाऱ्यावर त्याने आणि त्याच्या मित्रांनी सात-सात जणांचा सामना खेळला होता आणि मी वाळूत बसून तो पाहिला होता. हातात चकती आली की पळायचे नाही, दहा आकडे मोजून व्हायच्या आत ती फेकायची, आणि प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत आपल्या गड्याने झेलली की गुण.

मी विचारले, “फाऊल कोण देतो?”

“ज्याला धक्का लागला तो, मामा.”

“आणि दुसऱ्याला कबूल नसलं तर?”

“बोलायचं. नाहीच जमलं तर चकती परत फेकणाऱ्याकडे आणि खेळ पुढे.”

जागतिक स्पर्धेतसुद्धा निर्णय खेळाडूच घेतात, म्हणाला. १९६८ साली अमेरिकेत, न्यू जर्सीच्या एका शाळेतल्या पोरांनी हा खेळ काढला. म्हणजे पाहा, अमेरिकेतली पोरे आमच्या आजीच्या नियमाने खेळताहेत आणि आम्ही आजीच्या खेळाला शिट्टी लावतो आहोत!

संयोजक म्हणतात, स्पर्धा ठेवली म्हणून बायका पुढे आल्या. अगदी मान्य. जेटीवरची पुरुषांची मक्तेदारी मोडली हे उत्तमच झाले. पण त्या नारळ लढवायला आल्या होत्या, पंचांच्या तोंडाकडे बघत उभ्या राहायला नव्हे. खरी मेख बक्षिसात आहे. वीस वर्षे दुसऱ्यांचे पैसे मोजतो आहे म्हणून सांगतो, रक्कम वाढली की सही पडताळावी लागते. नारळावर नारळ लागत होता तोवर फुटलेला नारळ हाच निकाल होता. भारी बक्षीस लागल्यापासून तो नुसता पुरावा झाला. बक्षीस काढा, शिट्ट्या आपोआप जातील. पाहुण्यांनाही एक नारळ द्या आणि रांगेत उभे करा. भाषण आपोआप आटोपेल.

एवढे तावातावाने भाच्याला ऐकवून मी मांडवामागे गेलो आणि शेजारच्या काकीशी नारळ लढवला. टक् असा आवाज झाला. माझ्या नारळाला केसाएवढी चीर दिसली. चीर की शेंडीचा धागा? मी नारळ उन्हाकडे धरला.

“बघतंस काय रे? तुझो फुटलो,” काकी म्हणाली आणि नारळ तिच्या पिशवीत गेलासुद्धा.