शिक्का मारा, मगच गोळी द्या

या महिन्यात आलेल्या पत्रांत एच-१ रजिस्टरच्या तक्रारी सर्वाधिक आहेत. तपासणीत अल्प्राझोलामच्या नोंदींपुढे डॉक्टरांचा पत्ता अपुरा आढळला, म्हणून कारणे दाखवा नोटीस. नोंद केलीच पाहिजे, यात वाद नाही. पण त्या रजिस्टरने रुग्णाचे रक्षण किती होते, हे औषध निरीक्षक कधी विचारात घेणार?

एच-१ लागू झाले १ मार्च २०१४ रोजी. ४६ औषधांच्या त्या मूळ यादीत अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम आले. क्लोनाझेपाम आणि लोराझेपाम राहून गेले. सवय दोन्हीकडे लागते, मग रजिस्टर एकालाच का? शिवाय रजिस्टर राहते आपल्या दुकानात. शेजारच्या दुकानातून त्याच रुग्णाने काल पंधरा गोळ्या नेल्या, हे त्यातून कळत नाही. मालेगावात अल्प्राझोलामची ‘कुत्ता गोळी’ झाली, ती अशाच फटींतून.

चार दुकानांत रुग्णाबरोबर फिरते ती फक्त चिठ्ठी. म्हणून नियम ६५ सांगतो की औषध देताना चिठ्ठीवर डॉक्टरांच्या सहीच्या वर विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि तारीख घालावी, आणि डॉक्टरांनी तसे लिहिलेले नसेल तर त्याच चिठ्ठीवर दुसऱ्यांदा औषध देऊ नये. हा नियम आपल्यापैकी किती जण पाळतात? लॅमिनेट केलेली चिठ्ठी काउंटरवर येते. तारीख दोन वर्षांपूर्वीची, गोळ्यांची एकूण संख्या लिहिलेली नाही, खाली ‘चालू ठेवा’. लॅमिनेशनवर शिक्का बसत नाही, व्हॉट्सॲपवरच्या फोटोवर तर मारताच येत नाही. तरी गोळ्या जातात, कारण गिऱ्हाईक जुने असते. निरीक्षक रजिस्टरचे रकाने मोजतात आणि चिठ्ठीवरच्या शिक्क्याबद्दल एक शब्द विचारत नाहीत. आपणही त्याचाच फायदा घेतो, हे मान्य करायला हवे.

एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकत्र असलेल्या गोळीने गुंता आणखी वाढवला आहे. एस्सिटालोप्रामचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि ते पुढे महिनोन्‌महिने चालते. क्लोनाझेपाम त्या सुरुवातीच्या आठवड्यांपुरते. दोन्ही एका गोळीत बांधल्यावर एक कमी करून दुसरे चालू ठेवणार कसे? डॉक्टरांनी ही औषधे वेगवेगळी लिहावीत आणि किती दिवस ते स्पष्ट लिहावे, अशी आमची मागणी आहे.

नोटिशीच्या धास्तीने काही सभासदांनी अल्प्राझोलामसारख्या गोळ्या ठेवणेच बंद केले आहे. हे तर अधिक घातक. रोज अल्प्राझोलाम घेणाऱ्याची गोळी एकदम तुटली तर घाबरेपणा उलटून येतो, झोप उडते, झटकेही येऊ शकतात. चिठ्ठी जुनी असेल तर ‘मिळणार नाही’ एवढे बोलून त्याला वाटेला लावू नका. तिथूनच त्याच्या डॉक्टरांना फोन लावा, नवी चिठ्ठी मागा, डोस हळूहळू उतरवण्याचे त्यांच्याकडून ठरवून घ्या.

मित्रहो, परिपत्रकाची वाट पाहू नका. उद्या सकाळपासून प्रत्येक चिठ्ठीवर शिक्का, तारीख आणि दिलेली संख्या टाका. या गोळ्यांसोबत ट्रॅमाडोल किंवा कोडीन लिहिले असेल तर श्वास मंदावण्याचा धोका आहे. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय देऊ नका. इट्राकोनाझोल, केटोकोनाझोल असेल तर अल्प्राझोलाम देऊच नका. दारू घेता का, गाडी चालवता का, हे हलक्या आवाजात विचारा. म्हाताऱ्या माणसाला रात्री उठताना तोल जातो का, ते विचारा. तालुका संघटनांनी येत्या बैठकीत शिक्क्याचा ठराव करावा आणि त्याची प्रत अन्न व औषध प्रशासनाला पाठवावी. एका दुकानाने नाकारलेली गोळी शेजारचे दुकान देत असेल, तर कोणताही कायदा त्या रुग्णाला वाचवू शकणार नाही. गल्लीतल्या सर्व दुकानांनी मिळून हे पाळा.