हँडबॅगेतलं मूल आणि खानदानाची चौकशी

ऑस्कर वाइल्डच्या नाटकांवरचे जुने चित्रपट म्हणजे गोऱ्या साहेबांचा टाइमपास, चळवळीतल्या पोरांनी ते बघून काय करायचं, असं आपलेच काही कार्यकर्ते म्हणतात. दुसरीकडे अभिजन रसिक त्यातल्या टोप्या, चहाचे कप आणि खुसखुशीत संवादांवर खूश. आम्हाला दोन्ही मान्य नाही.

अँथनी अ‍ॅस्क्विथचा 1952 चा 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट' घ्या. जॅक मागणी घालतो. मुलीची आई, लेडी ब्रॅकनेल, वही-पेन्सिल काढून बसते. उत्पन्न किती? घर कुठे? आईबाप कोण? जॅक तर व्हिक्टोरिया स्टेशनच्या सामानघरात, एका हँडबॅगेत सापडलेला. स्थळ बाद! एडिथ इव्हान्स तो 'हँडबॅग' शब्द ज्या तुच्छतेने ओढते, त्यावर लोक आजही हसतात. आडनाव कळेना म्हणून 'मूळ गाव कुठलं तुमचं?' विचारणारा आवाज ज्यांनी ऐकलाय, त्यांना तो लगेच ओळखू येईल.

शेवट बघा. जॅक याच बाईंच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा निघतो आणि लग्न जमतं. माणूस तोच, उत्पन्न तेच, फक्त 'आपल्यातला' निघाला. जातीचं मर्म जातीतल्या जातीत लग्न लावण्यात आहे, हे बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठात मांडलं होतं. तो निबंध वाचून हा शेवट बघा, हसू वेगळंच येईल.

पण वर्ग म्हणजे जात नव्हे, ही गल्लत नको. सेसिलीच्या नावावर एक लाख तीस हजार पौंड आहेत कळताच याच बाईंना ती एकदम गुणी वाटू लागते. तिथे पैशाने दार उघडतं. इथे पोरगा कलेक्टर झाला तरी सोयरिकीच्या बैठकीत त्याच्याआधी त्याची जात पोचते.

लुबिचने 1925 च्या 'लेडी विंडरमिअर्स फॅन' या मूकपटात वाइल्डची चटकदार वाक्यं गाळूनच टाकली. उरल्या नजरा. रेसकोर्सवर एका बदनाम बाईला दुर्बिणीतून न्याहाळणाऱ्या प्रतिष्ठितांच्या नजरा. आम्हाला तो अ‍ॅस्क्विथपेक्षा धारदार वाटतो.

अ‍ॅस्क्विथने नाटकाला काचेच्या कपाटात ठेवलं. सुरुवातच थिएटरचा पडदा उघडून, म्हणजे हे सगळं खोटं, निवांत हसा! हे नाटक फेब्रुवारी 1895 मध्ये रंगभूमीवर आलं आणि मे महिन्यात समलैंगिक संबंधांच्या गुन्ह्याखाली वाइल्डला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. तेव्हा ब्रिटनचे गृहमंत्री होते एच. एच. अ‍ॅस्क्विथ. या दिग्दर्शकाचे वडील.