सेन्सॉर परत द्या

मला सरकारी सेन्सॉर हवा आहे. नाकावर घसरलेला चष्मा, हातात लाल पेन्सिल, टेबलावर रबरी शिक्का आणि गार झालेला चहा. असा जुना, कंटाळलेला, पगारी सेन्सॉर. इंदूरच्या रामबागेत राहून हौशी नाटकांत जन्म घालवलेल्या माणसाने असं मागावं, हे वेडेपणाचं वाटेल. वाटू द्या.

१ जानेवारी २०२१ची संध्याकाळ आठवा. छप्पन दुकान भागातल्या एका कॅफेत मुनव्वर फारुकी या पोराचा विनोदाचा कार्यक्रम होता. भाजपच्या आमदार मालिनी गौड यांचे चिरंजीव एकलव्यसिंह तिथे साथीदारांसह पोचले आणि देवदेवतांचा अपमान झाल्याची तक्रार झाली. हजर असलेले लोक सांगत होते की मुनव्वरने आपला भाग सुरूही केला नव्हता. त्याने देवांचा अपमान केल्याचा व्हिडिओ पुरावा नाही, असं पोलिस अधिकारीच सुरुवातीला वर्तमानपत्रांना सांगत होते. तरीही पोरगा आत गेला तो गेलाच. २८ जानेवारीला उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने जामीन नाकारला. ५ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने तो दिला, तेव्हा अटकेबाबत त्याच न्यायालयाने २०१४ साली घालून दिलेले नियम पाळलेलेच दिसत नाहीत, हा मुद्दा पुढे आला. न सांगितलेल्या विनोदाला महिन्याहून अधिक कैद! त्याच्यासोबत धरलेल्यांतल्या काहींना सुटायला फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा उजाडला, पण तोवर कॅमेरे उठून गेले होते.

आता १९७२ बघा. 'सखाराम बाइंडर' नाटकावर परिनिरीक्षण मंडळाने, म्हणजे नाटकांच्या सरकारी सेन्सॉरने, कात्री चालवली. दिग्दर्शक कमलाकर सारंग ती कापाकापी घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. का जिंकले? कारण भांडायला समोर काहीतरी होतं. अमुक पानावरची तमुक ओळ, खाली सही, वर जावक क्रमांक. इंग्रजांनीसुद्धा १९१०मध्ये खाडिलकरांचं 'कीचकवध' बंद केलं ते १८७६च्या नाट्यप्रयोग कायद्याचं बोट धरून. कायदा पाजी होता, पण तो छापलेला होता. न उच्चारलेल्या वाक्याचा पान नंबर मी वकिलाला काय सांगू?

आणीबाणीत आमच्या 'नई दुनिया' दैनिकाने अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. संपादक राहुल बारपुते, आपलेच मराठी, नाटकवेडे. ती कोरी जागा वाचकाला बरोबर वाचता आली, कारण सेन्सॉर कुठे बसतो हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आज कुणी जागा कोरी सोडली तर लोक म्हणतील, जाहिरात मिळाली नाही वाटतं.

सेन्सॉरशिपचे फायदे सांगणारे माझ्याकडे पोह्यांच्या वेळी रोज येतात. अहो, शांतता राहते. अहो, भावना दुखावत नाहीत. दंगलीची चिथावणी थांबवावी, हे मलाही मान्य आहे. घटनेच्या १९(२) कलमात त्याची सोय आहे आणि ती असावी. पण त्या कॅफेतली शांतता कुणी मोडली होती? तिकीट काढून हसायला बसलेल्यांनी? पोलिसांनी गाडीत मात्र कार्यक्रमवाल्यांनाच कोंबलं. म्हणजे जो धिंगाणा घालेल त्याची भावना मोठी. हा नियम एकदा कळला की दुखावून घेणं हा बिनभांडवली धंदा होतो.

व्यंगचित्रकार हेमंत मालवीय हेही इंदूरचेच. २०२१मध्ये लशीवरून काढलेलं त्यांचं चित्र चार वर्षांनी कुणीतरी नव्या मजकुरासह फिरवलं, त्यांनी ते पुढे पाठवलं, आणि मे २०२५मध्ये गुन्हा दाखल. अटकपूर्व जामीन इथे पुन्हा नाकारला गेला आणि दिल्लीहून पुन्हा संरक्षण मिळालं. सर्वोच्च न्यायालयाने त्यांचीही कानउघाडणी केली, हे लपवायचं कारण नाही. चित्र मलाही बाष्कळ वाटलं. पण बाष्कळपणाला कोठडी द्यायची तर आमची अर्धी नाट्यसंमेलनं जेलरोडवर भरवावी लागतील.

इंदूर देशातलं सर्वांत स्वच्छ शहर. ओला कचरा, सुका कचरा घरातच वेगळा करायची सवय आमच्या अंगी इतकी भिनली आहे की आता वाक्यंसुद्धा आम्ही घरीच वेगळी करतो. गाडी दारात यायची वाट कोण बघतो?

गेल्या गणेशोत्सवात आमच्या एकांकिकेत विदूषक गणपतीला म्हणतो, "बाप्पा, उंदरावरून आलात ते बरं केलंत, गाडी खड्ड्यात गेली असती." तालमीला सगळे खदखदून हसले. दुसऱ्या दिवशी ओळ गायब.

"कुणी काढली?" मी विचारलं.

दिग्दर्शक माझ्या नातवाच्या वयाचा. म्हणाला, "कोणीच नाही, काका. पण उगाच कशाला?"

"कुणी काही बोललं का?"

"नाही हो. अजून नाही."

मी त्याची वही मागून घेतली. त्या ओळीवर साधी रेघसुद्धा नव्हती. पोराने पानच नव्याने लिहून काढलं होतं, सुवाच्य अक्षरात.