स्पीडचं खूळ

इथे अमेरिकेत शिकारीसाठी कंपाउंड धनुष्य घेणारा पहिला प्रश्न विचारतो, "स्पीड किती?" अहो, जाहिरातीतला तो आकडा म्हणजे निव्वळ बेंचमार्क! ७० पौंडांचं धनुष्य, ३० इंच ओढ आणि ३५० ग्रेनचा, म्हणजे जेमतेम २३ ग्रॅमचा बाण. पौंडामागे ५ ग्रेन. बहुतेक कंपन्या बजावतात, याहून हलका बाण नको. आणि आमची मंडळी तीच शिफारस समजतात!

बाण फार हलका असला की उरलेली ऊर्जा धनुष्यातच राहते. भुजा तडकतात, दोरी तुटते, तेही चेहऱ्यापासून हातभर अंतरावर. (वॉरंटी खलास, ते वेगळंच.) शिवाय हलका बाण हाडावर अडला, तर जखमी हरीण रानात तडफडत राहतं. त्याला तुमच्या स्पीडचं काय कौतुक?

मी ६० पौंडांवर ४२० ग्रेन वापरतो, टोकासकट तोलून. स्लो म्हणा खुशाल.