चित्र वाटा, पण चित्रकाराचे नाव कापू नका



प्रारंभीच एक कबुली देतो. कबुलीजबाबाचे मोल वकिली करणाऱ्या माणसास कोणी सांगावयास नको. तो एकदा दिला की मागे घेणे कठीण. तरीही देतो, कारण या लेखाचे प्रयोजनच त्यात आहे.

माझी भाची महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहते. तिने गेल्या वर्षी चार चौकटींची एक चित्रमालिका काढून इंटरनेटवरील आपल्या पानावर ठेवली. विषय साधा होता. वसतिगृहाच्या नळाला पहाटे पाणी येते, बादल्यांची रांग लागते आणि माणसांच्या आधी बादल्याच एकमेकींशी भांडू लागतात. ती पाहून मी मनसोक्त हसलो आणि नातेवाइकांच्या व बार रूममधील मित्रांच्या व्हॉट्सॲप समूहांत ती पाठविली. पाठविताना मोबाईलच्या पडद्यावर चित्र मोठे दिसावे म्हणून खालची कडा कापून टाकली. त्या कडेवर तिचे नाव होते. पंधरा दिवसांनी तेच चित्र एका अनोळखी पानाचा शिक्का घेऊन मैत्रिणीमार्फत तिच्याकडे परत आले. तिने मला फोन करून विचारले, "मामा, हे माझंच आहे, हे आता मी कुणाकुणाला सांगत फिरू?" त्या पानाने चित्र कोठून उचलले हे मला ठाऊक नाही, परंतु पहिली कात्री माझीच होती.

म्हणून आज वेबकॉमिक या विषयावर चार शब्द लिहीत आहे. वेबकॉमिक म्हणजे इंटरनेटवर प्रसिद्ध होणारी चित्रमालिका. तिला प्रकाशक लागत नाही, संपादकाची मर्जी लागत नाही, छपाईचे भांडवल लागत नाही. ज्याच्या हाती रेघ आहे आणि सांगण्याजोगे काही आहे, तो आपले चित्र जगापुढे ठेवू शकतो. आजवर ज्यांना मासिकांची दारे सहज उघडली नाहीत, त्यांच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे.

उदाहरणे पाहा. अमेरिकेतील रँडल मन्रो या गृहस्थाने २००५ साली 'एक्सकेसीडी' ही मालिका सुरू केली. तिच्यातील माणसे म्हणजे केवळ काड्या आणि गोल डोकी. तथापि गणित, भौतिकशास्त्र, संगणक आणि प्रेम या साऱ्यांवर ती माणसे बोलतात. २०१३ साली त्याने 'टाइम' नावाचे एक चित्र ठेवले. ते हळूहळू बदलत राहिले आणि चार महिन्यांत त्याची तीन हजारांहून अधिक चित्रे झाली. २०१४ साली त्यास ह्युगो पुरस्कार मिळाला. रेखाटन साधे असले म्हणून विचार साधा असतो असे नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

दुसरे उदाहरण आपल्या घरांना अधिक जवळचे वाटेल. केट बीटन ही कॅनडातील केप ब्रेटन बेटावरची मुलगी. शिक्षणासाठी काढलेले कर्ज फेडण्याकरिता पदवीनंतर ती अल्बर्टा प्रांतातील तेलमिश्रित वाळूच्या प्रकल्पांवर नोकरीस गेली. त्याच काळात, २००७ साली, तिने 'हार्क! अ व्हेग्रंट' ही मालिका सुरू केली. इतिहासातील आणि साहित्यातील थोरामोठ्यांची तीत मनमोकळी थट्टा आहे. पुढे त्या प्रकल्पांवरील कामगारांचे एकाकी जीवन आणि तेथे स्त्रियांना सोसावे लागलेले अपमान तिने 'डक्स' या नावाने चितारले. त्याचा प्रथम रेखाटलेला भाग २०१४ साली इंटरनेटवर आला, २०२२ साली मोठा ग्रंथ झाला आणि २०२३ साली त्यास आयस्नर पुरस्कार मिळाला. शैक्षणिक कर्जाचा हप्ता ज्या घरात दर महिन्याला मोजला जातो, त्या घरातील मुलामुलींनी हे पुस्तक अवश्य पाहावे.

अशी चित्रे शोधावी कशी? याला गुरूची गरज नाही. एक चित्र आवडले की त्याच्या मूळ पानावर जा. कथा क्रमाने चालणारी असेल तर पहिल्या चित्रापासून वाचा. एक्सकेसीडीप्रमाणे प्रत्येक चित्र स्वतंत्र असेल तर कोठूनही वाचा. तेथे तर कोणतेही एक चित्र समोर आणून ठेवणारे बटणच आहे. पुष्कळ चित्रकार आपल्याला आवडणाऱ्या इतर चित्रकारांची नावे देतात. त्या वाटेने पुढे जा. एका माणसाच्या आवडीतून दुसऱ्याची ओळख होते, हाच शोधण्याचा सर्वांत जुना आणि भरवशाचा मार्ग होय.

आणि येथेच वाटण्याचा प्रश्न उपस्थित होतो. आवडलेली गोष्ट चारचौघांना दाखवावी ही इच्छा अत्यंत शुद्ध आहे. तिला मी दोष देत नाही. दोष आहे तो नाव कापण्यास.

भोवती घर पेटले असताना कॉफीचा पेला समोर ठेवून, सारे ठीक आहे असे म्हणणारा टोपीवाला कुत्रा आपल्यापैकी बहुतेकांनी मोबाईलवर पाहिला असेल. तो कोणी काढला, असे विचारले तर शंभरातील किती जण उत्तर देतील? तो के. सी. ग्रीन या अमेरिकन चित्रकाराचा आहे. 'गनशो' या त्याच्या वेबकॉमिकमध्ये जानेवारी २०१३ मध्ये तो आला. मूळ चित्राला सहा चौकटी आहेत आणि शेवटी तो कुत्रा आगीत वितळून जातो. जगभर फिरतात त्या बहुधा पहिल्या दोनच चौकटी. म्हणजे नाव तर गेलेच, शिवाय शेवटही गेला. आग डोळ्यांआड करणाऱ्याचे काय होते, हे सांगणारा भागच कापला गेला आणि उरला केवळ विनोद.

याहून भयंकर उदाहरण पेपे या बेडकाचे आहे. मॅट फ्युरी या चित्रकाराने २००५ च्या सुमारास 'बॉईज क्लब' या मालिकेत हा निरुपद्रवी, आळशी बेडूक निर्माण केला. हातोहात फिरता फिरता तो आपल्या निर्मात्यापासून सुटला, वर्णद्वेष्ट्यांच्या हाती लागला, आणि २०१६ साली अमेरिकेतील अँटी-डिफेमेशन लीग या संस्थेला द्वेषाच्या चिन्हांच्या यादीत त्याची नोंद करावी लागली. फ्युरीला आपल्याच चित्रासाठी न्यायालयात जावे लागले. 'इन्फोवॉर्स' या संस्थेने त्याचा बेडूक भित्तिपत्रकावर छापून विकला होता. त्या दाव्यात २०१९ साली १५,००० डॉलरवर तडजोड झाली. द्वेषाचे लक्ष्य होणे म्हणजे काय, हे ज्या वाचकांना सांगावे लागत नाही, त्यांनी हा इतिहास विसरू नये.

कोणी म्हणेल, "इंटरनेटवर ठेवले म्हणजे ते सर्वांचेच झाले. एवढा मान हवा होता तर ठेवावे कशाला?" हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. सार्वजनिक वाचनालयातील पुस्तक सर्वांना वाचावयास मोकळे असते. म्हणून त्याच्या मुखपृष्ठावरील नाव खोडण्याचा अधिकार कोणास प्राप्त होतो काय? वाचण्याची मुभा निराळी आणि कर्तृत्व नाकारण्याची मुभा निराळी.

कायदाही हेच सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ अन्वये, कृतीचे हक्क दुसऱ्यास विकून टाकल्यावरही ती कृती आपली आहे असे सांगण्याचा कर्त्याचा अधिकार शाबूत राहतो; तिची मोडतोड करून त्याच्या लौकिकास बाध आणल्यास तो दाद मागू शकतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातील भित्तिशिल्प सरकारने काढून टाकले होते. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे शिल्पकाराच्या बाजूने निर्णय दिला आणि पाच लाख रुपयांची भरपाई देवविली. प्रतिवादी प्रत्यक्ष भारत सरकार होते, हे ध्यानात घ्या. अर्थात खासगी वापर आणि टीका-परीक्षण यांस कलम ५२ मध्ये सवलत आहे. मामाने भाचीचे चित्र आत्याला दाखविले म्हणून कोणी खटला भरणार नाही. कायदा सांगण्याचा हेतू भय घालण्याचा नाही; न्याय कोणत्या बाजूस आहे, एवढेच दाखविण्याचा आहे.

पुष्कळ चित्रकार तर स्वतःहून उदार असतात. नाव द्या, व्यापार करू नका आणि खुशाल वाटा, अशी परवानगी मन्रोने आपल्या चित्रांना लेखी देऊन ठेवली आहे. प्रत्येक चित्राखाली त्याचा कायमचा दुवा दिलेला असतो. शिवाय संगणकावर त्याच्या चित्रावर बाण नेला की एक जादा ओळ उमटते, आणि पुष्कळदा खरी गंमत त्या ओळीतच असते. चित्र उतरवून पाठविणारा ती ओळ गमावतो. दुवा पाठविणारा सारे काही देतो.

पोटापाण्याची गोष्टही विसरून चालणार नाही. वेबकॉमिक वाचावयास बहुधा पैसे पडत नाहीत. चित्रकार जगतो तो पुस्तकांच्या विक्रीवर आणि वाचकांच्या ऐच्छिक वर्गणीवर. दुवा तुटला की वाचक त्याच्या दारापर्यंत येतच नाही. श्रम एकाचे आणि शिक्का दुसऱ्याचा, हा व्यवहार आपल्या वाडवडिलांनी पिढ्यानपिढ्या भोगला. विहीर खणली त्यांनी, वाडा बांधला त्यांनी. दगडावर नाव कोरले गेले भलत्याचेच. त्याच वाडवडिलांच्या नातवंडांनी कुणाच्या श्रमावरचे नाव कापावे, हे शोभते काय?

नाव राखण्यास आणखी एक कारण आहे. नाव हा जसा मान आहे, तशीच ती जबाबदारीही आहे. शंकर यांचे १९४९ सालचे व्यंगचित्र आपणांस ठाऊक असेल. गोगलगायीवर बाबासाहेब आणि मागे चाबूक उगारलेले पंडित नेहरू. अकरावीच्या पाठ्यपुस्तकातील या चित्रावरून मे २०१२ मध्ये संसदेत वादळ उठले. संविधाननिर्मितीच्या संथ गतीवर ते भाष्य आहे, असे काहींचे म्हणणे होते. मागे उगारलेल्या चाबकाचा अर्थ आम्हांला निराळा लागतो, असे इतरांनी सांगितले. पुढे उन्नमती श्याम सुंदर यांनी बाबासाहेबांवरील १०० हून अधिक व्यंगचित्रे शोधून 'नो लाफिंग मॅटर' हा ग्रंथ २०१९ साली सिद्ध केला आणि थोर म्हणविणाऱ्या व्यंगचित्रकारांच्या दृष्टीतील जात उघडी केली. हे शक्य कशामुळे झाले? कोणते चित्र, कोणत्या हाताने, कोणत्या दिवशी काढले, याची नोंद उरली होती म्हणून. निनावी चित्राला जाब विचारता येत नाही. यास्तव हसण्यापूर्वी, आणि पुढे पाठविण्यापूर्वी, एवढे विचारा की हे हसू कोणाच्या पाठीवर पडते आहे?

परंतु सावधगिरी म्हणजे भीती नव्हे. एप्रिल २०१२ मध्ये जादवपूर विद्यापीठातील प्राध्यापक अंबिकेश महापात्र यांना, पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्र्यांवरील एक विनोदी चित्रमालिका ईमेलने पुढे पाठविल्याबद्दल अटक झाली. लावलेल्या कलमांपैकी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरविले. तरीही प्राध्यापक महाशयांची त्या प्रकरणातून पूर्ण मुक्तता होण्यास जानेवारी २०२३ उजाडावा लागला. आजही धोका सरलेला नाही. रचिता तनेजा या 'सॅनिटरी पॅनल्स' नावाने २०१४ पासून काड्यांची माणसे काढतात; अवमानाच्या आरोपावरून डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना नोटीस काढली. सत्तेस हसणाऱ्या चित्रावर सही करावयास धैर्य लागते. ज्याने ते धैर्य दाखविले, त्याची सही आपण सोयीसाठी कापावी, यासारखी कृतघ्नता नाही.

तेव्हा करावे काय? चित्र नव्हे, दुवा पाठवा. चित्रच पाठवावयाचे असेल तर अखंड पाठवा आणि खाली चित्रकाराचे नाव लिहा. सोबत स्वतःच्या दोन ओळी घाला: हे का आवडले, कोणत्या प्रसंगावर आहे. घरात इंग्रजी वाचणारे मूल असेल तर त्याने आजीला एक चित्र मराठीत समजावून सांगावे. मुलाची भाषा सुधारेल आणि आजीही हसेल. चित्रकाराचे पुस्तक परवडत असेल तर विकत घ्या, नसेल तर वाचनालयास मागवावयास सांगा. आणि आपल्या घरातील कोणी चित्र काढत असेल तर पहिल्याच दिवशी सांगा की नाव कडेला घालू नकोस.

माझ्यापुरते म्हणाल, तर ज्या समूहांत कापलेले चित्र पाठविले होते, त्या प्रत्येक समूहात मी ते अखंड स्वरूपात, नावासह व दुव्यासह पुन्हा पाठविले आणि चूक माझी होती असे लिहिले. बहुतेकांनी ते पाहिलेही नसेल. एका सहकारी वकिलाने मात्र त्या रात्री तिची सारी चित्रे वाचून काढली आणि पुढील कधी येणार, असे विचारले. मी तो प्रश्न तिच्याकडे पोहोचविला. हल्ली तिची सही चित्राच्या कडेला नसते, बादलीच्या पोटावरच असते. ती कापावयाची तर बादलीच कापावी लागेल.

परंतु प्रत्येक चित्रकाराने आपल्या नावासाठी अशी तटबंदी करीत बसावे काय? ती जबाबदारी वाटणाऱ्याची आहे. माझी आहे आणि तुमचीही आहे. पुढील वेळी चित्र पाठविताना बोट त्या कडेपाशी आले की क्षणभर थांबा आणि तेथील नाव वाचा.