‘तात्पुरत्या’ वस्तीतील दोन दशके

ग्रेट निकोबार बेटावरील राजीव नगर ही वस्ती कॅम्पबेल बे या मुख्यालयालगत आहे. तेथे राहणाऱ्या निकोबारी कुटुंबांची गावे मात्र तेथे नाहीत. चिंगेन, पुलो भा, कोकेऑन, इन हेंग लोई ही त्यांची मूळ गावे बेटाच्या दक्षिण व पश्चिम किनाऱ्यावर, घनदाट वर्षावनाच्या कडेला होती. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने ती पुसून टाकली. वाचलेल्यांना प्रशासनाने कॅम्पबेल बे परिसरात आणले. आधी पत्र्याच्या निवाऱ्यांत, नंतर पक्क्या घरांत. आपण काही काळासाठी आलो आहोत, अशीच त्या लोकांची समजूत होती. गावी परत जाऊ द्या, ही त्यांची मागणी तेव्हापासून आजतागायत कायम आहे.

पुनर्वसनाचे काम मी सेवेत असताना जवळून पाहिले आहे. एका जिल्ह्यात पुरानंतर उभारलेले पत्र्याचे निवारे सहा महिन्यांसाठी होते. माझी बदली झाली तेव्हा त्यांना नववे वर्ष लागले होते. यात कोणाचा दुष्टपणा नसतो. निवाऱ्यांना वीजजोडणी मिळते, शिधापत्रिकेवर नवा पत्ता चढतो, शाळेच्या पटावर मुलांची नावे येतात आणि तात्पुरत्याचे कायम होऊन बसते. पुढचा अधिकारी फाईल उघडतो तेव्हा त्याला मूळ गाव दिसत नाही. दिसते ती ‘निर्मनुष्य’ जमीन.

ग्रेट निकोबारमध्ये नेमके हेच घडले आहे. निकोबारी माणसाची जुनी उपजीविका नारळ, डुकरे, मासेमारी आणि केवड्याच्या जातीच्या एका झाडाचे पिठूळ फळ यांवर उभी होती. जमीन एकट्याच्या नावावर नसे. विस्तारित कुटुंबाकडे तिचा सामाईक ताबा असे. आधाराचे लाकूड जोडलेल्या ज्या नावेतून तो किनाऱ्याने गावोगाव जाई, तिला त्या बेटांवर ‘होडी’च म्हणतात. मराठी वाचकाला हा शब्द तरी ओळखीचा वाटेल. राजीव नगरात यांतले फारच थोडे टिकले. नारळाच्या बागा दूर राहिल्या, मजुरी आणि शिधा जवळ आला. बेटाच्या अंतर्भागात राहणाऱ्या शोम्पेन या शिकारी व कंदमुळे गोळा करणाऱ्या जमातीशी निकोबारींचा वस्तुविनिमय चाले, तोही विरळ झाला. २०११ च्या जनगणनेत शोम्पेनांची संख्या २२९ नोंदली आहे.

आता या बेटावर सुमारे ७२ हजार कोटी रुपयांचा प्रकल्प येऊ घातला आहे: गॅलथिया उपसागरात मालवाहू जहाजांचे आंतरराष्ट्रीय बंदर, विमानतळ, वीज प्रकल्प आणि एक नवे शहर. प्रकल्पक्षेत्र १६६.१ चौरस किलोमीटर असून त्यासाठी १३०.७५ चौरस किलोमीटर वनजमीन वळवली जाणार आहे. २०११ मध्ये सारी तालुक्याची लोकसंख्या सुमारे आठ हजार होती. प्रकल्प पूर्ण झाल्यावर ती सुमारे साडेतीन लाख होईल, असा अंदाज आहे. तोडल्या जाणाऱ्या वर्षावनाची भरपाई हरियाणात झाडे लावून करायची, असे ठरले. या तरतुदीवर भाष्य करण्याची मला गरज वाटत नाही. गॅलथियाचा किनारा हे चामडपाठी समुद्री कासवांचे विणीचे ठिकाण. तेथील अभयारण्याचा दर्जा जानेवारी २०२१ मध्येच काढून घेण्यात आला.

पर्यावरणाची बाजू पुष्कळांनी मांडली आहे. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो संमतीचा प्रश्न, कारण तो आमच्या व्यवसायाचा आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये ग्रेट निकोबारच्या आदिवासी परिषदेने वनजमीन वळवण्यास ना-हरकत दिली. त्याच महिन्यात, वनहक्क कायद्यानुसार सर्व हक्क निश्चित झाल्याचे प्रमाणपत्र प्रशासनाने दिले. वास्तविक, १९५६ च्या आदिम जमाती संरक्षण नियमावलीमुळे येथे वनहक्क कायदा राबविण्याची गरज नाही, अशी भूमिका हेच प्रशासन मांडत आले होते. जी प्रक्रिया अनावश्यक म्हटली, ती पूर्ण झाल्याचे कागदावर कसे आले? नोव्हेंबर २०२२ मध्ये, आपल्या त्सुनामीपूर्व गावांची जमीनही प्रकल्पात जात असल्याचे उमगल्यावर, परिषदेने ना-हरकत मागे घेतली. हक्क निश्चितीची प्रक्रिया सुरूच झालेली नाही, असे परिषदेचे म्हणणे आहे. शोम्पेनांची संमती कोणी, कोणत्या भाषेत घ्यायची, हा प्रश्न तर कोणी विचारलेलाही दिसत नाही. मोठ्या प्रकल्पांचा विचार करताना या जमातीच्या हिताला अग्रक्रम द्यावा, असे सरकारच्याच २०१५ च्या शोम्पेन धोरणात लिहिलेले आहे.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक आठवण नोंदवतो. १७५६ मध्ये डेन्मार्कने या बेटांवर हक्क सांगितला आणि शतकभर वसाहतीचे प्रयोग केले. तापाच्या साथींनी ते एकामागून एक मोडले. १८६९ मध्ये ब्रिटिश आले, नानकौरीच्या बंदरात बंदिवानांची वसाहत उभारली आणि १८८८ मध्ये तीही गुंडाळली. या सगळ्यांना येथे एक उत्तम बंदर दिसले होते.

सामरिक युक्तिवाद पोकळ नाही. मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या पश्चिम तोंडाशी असलेल्या या बेटाचे महत्त्व कोणीही नाकारणार नाही. म्हणूनच कॅम्पबेल बे येथे २०१२ पासून ‘आयएनएस बाझ’ हा नौदलाचा हवाई तळ आहे. तो वाढवावा, धावपट्टी लांबवावी. परंतु लाखो वस्तीचे शहर आणि पर्यटन यांना संरक्षणाचे नाव का द्यावे? राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०२३ मध्ये नेमलेल्या उच्चाधिकार समितीचा अहवालही गोपनीयतेच्या कारणाने लोकांपुढे आला नाही. तळाचा आराखडा गुप्त ठेवणे समजू शकते. कासवे आणि प्रवाळ यांवरील निष्कर्षांत गुप्त काय असावे?

प्रकल्पाचे स्वागत करणारेही बेटावर आहेत, हे सांगितले पाहिजे. १९६९ पासून माजी सैनिकांची सुमारे ३३० कुटुंबे पूर्व किनाऱ्यावर वसवण्यात आली. पंजाब, केरळ, तामिळनाडूबरोबर त्यांत महाराष्ट्रातलीही होती. त्यांनी जंगल साफ करून शेती केली. त्सुनामीत त्यांच्याही जमिनी गेल्या. गंभीर आजारी माणसाला आजही जहाजाची किंवा हेलिकॉप्टरची वाट पाहावी लागते, तेव्हा मोठा विमानतळ आणि मोठे रुग्णालय कोणाला नको असेल? मात्र गांधी नगर आणि शास्त्री नगर या त्यांच्याच गावांची जमीनही प्रकल्पात जाणार आहे. ज्यांना एकदा सरकारने येथे आणले, त्यांना आता सरकारच हलवणार.

निकोबारींची मागणी त्या मानाने अगदी लहान आहे. मूळ गावी जायचे तर एक-दोन ठिकाणी धक्का, त्सुनामीत वाहून गेलेला दक्षिणेकडील रस्ता, एक आरोग्य उपकेंद्र, बिनतारी संपर्क आणि नारळाची रोपे एवढे लागेल. बहात्तर हजार कोटींच्या हिशोबात हा खर्च दिसणारही नाही. अडचण पैशाची नाही. ज्या किनाऱ्यावर त्यांना परतायचे आहे, त्यातला काही भाग आता प्रकल्पाच्या नकाशात रंगवलेला आहे. मूळ गावी वाढलेली पिढी म्हातारी होत चालली आहे. राजीव नगरात जन्मलेली मुले आता विशीत आली. पुलो भाचा किनारा त्यांनी वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातूनच ऐकला आहे.