दार लावले की जबाबदारी सुरू होते

नोकरीसाठी परदेशी गेलेल्या तरुण जोडप्याचे पहिले वर्ष बहुधा एकाच साच्यात जाते. एक जण सकाळी ट्रेन पकडून कामावर जातो. दुसरे माणूस घरी बसून नव्या भाषेची क्रियापदे पाठ करते, बँकेची आणि विम्याची पत्रे मोबाइलवर भाषांतर करून वाचते आणि संध्याकाळची वाट पाहते. शेजारी जिन्यात भेटले तर हसून दोन शब्द बोलतात आणि आपापले दार लावून घेतात. रमजान आला की ही शांतता अधिकच जाणवते. गावाकडे सहेरीला उठवणारी हाक असते. इफ्तारच्या आधी या घरातून त्या घरात झाकलेली ताटे जातात. रात्री तरावीहची नमाज आटोपून परतणाऱ्यांच्या गप्पा गल्लीत ऐकू येतात. तिकडे मोबाइलचा गजर वाजतो, दोघे हळू आवाजात सहेरी करतात, आणि बाहेर रस्ता झोपलेला असतो.

अशाच एखाद्या दिवशी मनात येते, घरात मांजराचे पिल्लू आणले तर?

विचार चांगला आहे. पण कोकणातून बर्लिनला गेलेल्या जोडप्याला तो अमलात आणताना पहिला धक्का बसतो तो अर्जाचा. कोकणात मांजर कुणी आणत नाही, ते येते. मासे साफ करायला बसले की परसदारी हजर होते. चार दिवस एका घरी, चार दिवस दुसऱ्या घरी. ते कुणाचे, असे विचारले तर उत्तर देता येत नाही, कारण ते साऱ्या आळीचे असते. बशीभर दूध, माशाचे डोके आणि चुलीशेजारची ऊब एवढ्यावर हा व्यवहार चालतो. गावच्या आईला फोनवर सांगितले, की मांजरासाठी अर्ज भरतो आहोत, तर ती हसून म्हणेल, "मांजराला कसला आलाय अर्ज?"

बर्लिनमध्ये मात्र अर्ज असतो. शहराच्या पूर्व टोकाला फाल्केनबर्ग येथे सुमारे 16 हेक्टर जागेवर तिथले मोठे प्राणी निवारा केंद्र आहे. 2001 मध्ये सुरू झालेले हे केंद्र युरोपातील सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक मानले जाते. ते चालवणारी प्राणिरक्षण संस्था तर 1841 ची. जर्मनीतल्या लहानमोठ्या गावांतही अशी केंद्रे आहेत. पिल्लू हवे असेल तर तिथे बरीच प्रश्नोत्तरे होतात. घर किती मोठे आहे? भाड्याचे असेल तर घरमालकाची संमती आहे का? दिवसात किती तास घर रिकामे असते? बाल्कनीला जाळी आहे का? सुट्टीवर गेलात तर मांजराला कोण बघणार? घरात कुणाला ॲलर्जी आहे का? आणि परदेशी माणसाला थोडे टोचणारा प्रश्न म्हणजे, इथे किती काळ राहणार आहात?

हे ऐकून पुष्कळांचा स्वाभिमान दुखावतो. घर मिळवताना पगाराच्या चिठ्ठ्या दाखवल्या, व्हिसासाठी बोटांचे ठसे दिले, आता मांजरासाठीही परीक्षा द्यायची का, असे वाटते. भावना समजण्यासारखी आहे. पण या बाबतीत प्रश्न विचारणाऱ्याचेच बरोबर आहे, आणि ते का बरोबर आहे हे समजायला जर्मन कायद्याची पुस्तके उघडण्याची गरज नाही. रमजानच्या महिन्यात मशिदीत सांगितली जाणारी एक जुनी हदीस पुरेशी आहे.

हदीस म्हणजे पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्या उक्ती आणि आचरणाची नोंद. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही प्रमुख संग्रहांत एका स्त्रीची हकीकत येते. तिने मांजर कोंडून ठेवले आणि ते उपाशी मेले. या कृत्यासाठी तिला परलोकात शिक्षा झाली. ही हकीकत सांगताना लोक "मुक्या जनावरावर दया करा" एवढाच बोध काढतात. पण त्यात एक बारकावा आहे. तिचा अपराध नेमका काय होता, तर तिने मांजराला स्वतः खाऊ घातले नाही आणि जमिनीवरचे किडेमुंग्या खाऊन जगण्यासाठी मोकळेही सोडले नाही. मांजर मोकळे असते तर त्याचे पोट त्याने भरले असते. तिने दार लावले, आणि त्या क्षणी त्या जिवाची संपूर्ण जबाबदारी तिच्यावर आली.

कोकणातले परसदार आणि बर्लिनमधला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट यांतला फरक हाच आहे. परसदारचे मांजर एका घरी दुर्लक्षित झाले तर दुसऱ्या घरी जाते. फ्लॅटमधल्या मांजराला दुसरे घर नाही. त्याचे पाणी, खाणे, औषध, खेळ, झोप, सगळे त्या दोन माणसांच्या हाती. प्रेम तेवढेच असले तरी कर्तव्य कैक पटींनी वाढते. केंद्रातले प्रश्न म्हणजे या कर्तव्याची उजळणी आहे.

एकेक प्रश्न तपासला तर हे पटते. पिल्ले बहुधा जोडीने दिली जातात, किंवा घरात आधीच एखादे मांजर असेल तरच एकटे पिल्लू मिळते. कारण पिल्लू खेळता खेळता चावणे, ओरबाडणे आणि थांबणे दुसऱ्या पिल्लाकडून शिकते. दिवसभर बंद घरात एकटे राहिलेले पिल्लू एकाकीपणाने कंटाळते. परदेशात एकाकीपणा म्हणजे काय हे ज्याला कळते, त्याला हा नियम तरी समजावून सांगावा लागू नये.

खिडकीचा प्रश्नही असाच. जर्मन घरांतल्या खिडक्या वरच्या बाजूने आत झुकवून हवेपुरत्या उघड्या ठेवता येतात. माणसाला ही मोठी सोय. मांजर मात्र त्या फटीतून बाहेर जाऊ पाहते, खाली घसरते आणि चिमटीत सापडल्यासारखे अडकते. जितकी धडपड करावी तितके खाली रुतत जाते. अशा अपघातात मांजरे दगावतात, वाचली तर मागचे पाय लुळे पडू शकतात. म्हणून खिडकीला संरक्षक जाळी आहे का, हे विचारले जाते.

बशीभर दुधाची सवयही तिकडे सोडावी लागते. मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना गाईचे दूध पचत नाही, जुलाब होतात. इफ्तारच्या दस्तरखानावर तर अधिक सावध राहायला हवे. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशींना घातक ठरतात, त्यामुळे खिम्याचा तुकडा लाडाने भरवणे म्हणजे विष देणे. ईदला कुणी लिलीच्या फुलांचा गुच्छ आणला, तर त्याचे नुसते परागकणही मांजराच्या मूत्रपिंडाला निकामी करू शकतात. माया असली म्हणजे या गोष्टी आपोआप कळतात असे नाही. त्या कुणीतरी सांगाव्या लागतात, आणि केंद्रातली माणसे तेच काम करतात.

त्या देशाचा कायदाही या वृत्तीच्या पाठीशी आहे. जनावर ही वस्तू नाही, असे जर्मन दिवाणी कायद्यात 1990 पासून स्पष्ट लिहिलेले आहे. प्राणिरक्षण 2002 मध्ये राज्यघटनेत आले. सबळ कारणावाचून प्राण्याला मारता येत नाही, त्यामुळे जागा अपुरी पडली म्हणून निरोगी प्राण्यांना केंद्रात मारून टाकले जात नाही. 2013 मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने ठरवले, की भाडेकरारात कुत्री-मांजरी पाळण्यावर सरसकट बंदी घालता येणार नाही. प्रत्येक ठिकाणी घरमालक, भाडेकरू आणि शेजारी यांची बाजू पाहूनच निर्णय व्हावा. बर्लिनमध्ये 2022 पासून मोकळ्या फिरणाऱ्या पाळीव मांजरांचे निर्बीजीकरण, चिप आणि नोंदणी सक्तीची आहे. कागदपत्रांचा हा पसारा वैताग आणणारा वाटतो खरा, पण त्याच्या मुळाशी मुक्या जिवाचा विचार आहे.

केंद्र जे पैसे घेते त्यांचाही अर्थ समजून घ्यावा. सहीह मुस्लिममध्ये मांजराची किंमत घेण्यास मनाई करणारी हदीस आहे. त्यावर जाणकारांत मतभेद आहेत. बहुतेकांनी विक्री वैध मानली, काहींनी नाही. निवारा केंद्रात हा पेच फारसा उरत नाही. तिथली रक्कम उपचार, लस आणि सांभाळ यांच्या खर्चाला हातभार म्हणून असते. करारात तर बहुधा अशी अट असते, की मांजर परस्पर दुसऱ्याला द्यायचे नाही. सांभाळणे अशक्य झाले तर केंद्राला कळवायचे. म्हणजे मालकीपेक्षा हा सांभाळाचा करार अधिक आहे. आपल्याकडे याला अमानत म्हणतात, विश्वासाने सोपवलेली ठेव.

आता त्या टोचणाऱ्या प्रश्नाकडे यावे. इथे किती काळ राहणार? उच्चशिक्षितांना मिळणारे ब्लू कार्ड एका वेळी जास्तीत जास्त चार वर्षांचे असते. घरात नीट सांभाळलेले मांजर पंधरा वर्षे सहज जगते, काही वीसपर्यंत. या दोन आकड्यांमधल्या अंतरातच खरा प्रश्न दडलेला आहे. नोकरी गेली, दुसऱ्या देशात बदली झाली, गावी वडील आजारी पडले आणि परतावे लागले, तर त्या जिवाचे काय? युरोपात एका देशातून दुसऱ्या देशात नेण्यासाठी चिप, रेबीजची लस आणि पासपोर्ट लागतो. भारतात आणायचे तर लसीचे दाखले, पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र आणि आपल्या पशु संगरोध खात्याचे ना हरकत पत्र लागते, शिवाय विमानाचा खर्च वेगळा. हे अशक्य नाही. मांजरांना घेऊन परतलेली माणसे आहेत. पण ही तयारी पिल्लू घरी आणण्याआधी मनात झालेली असावी, विमानाचे तिकीट काढल्यावर नव्हे.

एकटेपणावरचा उपाय म्हणून मांजर आणणे आणि एकटेपणा संपला की, किंवा देश सुटला की, त्याला ओझे समजणे, हा अन्याय आहे. ज्याला आपले भवितव्य दोन वर्षांपलीकडे दिसत नाही, त्याने पिल्लाचा हट्ट धरू नये. त्याच्यासाठीही वाट आहे. अनेक संस्था आजारी किंवा लहान प्राण्यांना कायमचे घर मिळेपर्यंत काही आठवडे किंवा महिने सांभाळणारी घरे शोधत असतात. पिल्लांच्या मागे सगळे धावतात, पण आठ-दहा वर्षांची शांत मांजरे कुणी न्यावे म्हणून वाट पाहत बसलेली असतात. त्यांचाही विचार व्हावा. घर बघून, व्हिसा बघून, कुवत बघून निर्णय घेणे यात मायेचा अभाव नाही.

आणि ज्यांनी असा विचार करून दोन पिल्ले घरी आणली, त्यांच्या घरात काय बदलते? भाषेच्या वर्गात न शिकलेले शब्द पशुवैद्यकाकडे शिकले जातात. जिन्यात हसून पुढे जाणारी शेजारीण दारात थांबते, नावे विचारते. ईदसाठी चार दिवस बाहेर जायचे तर किल्ली तिच्याकडेच द्यावी लागते. तिच्या सुट्टीत तिची झाडे यांच्याकडे येतात. परक्या शहरात कुणाकडे तरी आपल्या घराची किल्ली असणे, याला स्थिरावणे म्हणतात. ते काम व्हिसाचा शिक्का करत नाही.

रमजानमध्ये तर या पाहुण्यांचे वेळापत्रक घराशी आपसूक जुळते. मांजर पहाटे आणि दिवेलागणीला जास्त चपळ असते, म्हणजे नेमके सहेरी आणि इफ्तारच्या वेळी. गजराआधी दाराशी ओरबाडण्याचा आवाज येतो. जानमाज अंथरली की त्यावर पहिला हक्क तेच सांगते. अबू दाऊद आणि तिरमिझी यांच्या संग्रहांत हजरत अबू कतादा यांची गोष्ट आहे. वुजूसाठी, म्हणजे नमाजपूर्व हातपाय धुण्यासाठी, सुनेने पाणी ठेवले. तेवढ्यात मांजर आले. त्यांनी ते भांडे मांजराकडे कलते केले आणि त्याला पिऊ दिले. सून चकित झाली, तेव्हा त्यांनी पैगंबरांची शिकवण सांगितली, की मांजर अपवित्र नाही; ते घरात आपल्या अवतीभोवती वावरणाऱ्यांपैकीच आहे. परक्या देशात अवतीभोवती वावरणारे कुणी असणे किती मोलाचे, हे तिथे राहणाऱ्यालाच कळते.

बर्लिनचे सगळे नियम आपल्या गावात आणावेत, असे कुणी म्हणणार नाही. आपली परसदारे मोकळी आहेत, ती मोकळीच राहोत. पण नको असलेली पिल्ले पोत्यात घालून मासळीबाजारात, मशिदीच्या किंवा देवळाच्या मागे सोडून देण्याची सवय आपल्याकडेही आहे. दूध न सुटलेले पिल्लू तिथे जगत नाही. विनाकारण प्राण्याला भूक-तहानेने तडफडायला सोडून देणे हा आपल्या 1960 च्या कायद्यानेही गुन्हाच आहे. वेळीच निर्बीजीकरण करून घेतले तर पोते उचलण्याची वेळच येत नाही.

रोजा माणसाला दिवसभराची भूक-तहान दाखवतो. संध्याकाळी खजूर आणि पाणी समोर असते, म्हणून ती सुसह्य होते. ज्याचे दार आपण लावले आहे, त्याच्या वाटीत पाणी आहे ना, हे आपला पेला उचलण्याआधी पाहावे.